चहा स्वस्त झाला होता, मग तो समुद्रात का गेला?

तास संपल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, १७७३ च्या कायद्यानं अमेरिकेतला चहा महाग होण्याऐवजी स्वस्त होणार होता. कर होता पौंडभर चहामागे तीन पेनी. एवढ्यासाठी माणसं इंग्लंडसारख्या साम्राज्याशी लढायला उठतील, हे पटत नाही. खरं कारण काय होतं?"

पंचवीसहून जास्त वर्षं मी अमेरिकन क्रांतीचा हा विषय शिकवतो आहे, आणि हाच प्रश्न विचारला जावा अशी माझी दरवर्षी इच्छा असते. पाठ्यपुस्तकात कारणांची यादी असते: साखर कायदा, मुद्रांक कायदा, चहा कायदा. मुलं ती पाठ करतात. पण प्रजेची गाऱ्हाणी सगळ्याच राज्यांत असतात आणि बहुतेक गाऱ्हाणी अर्जाच्या कागदावरच संपतात. इथली का संपली नाहीत, हे यादीतून कळत नाही. तिला वर्गात दहा मिनिटांत जे सांगितलं, ते इथे सावकाश मांडतो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकायला हवी. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधली ही माणसं गुलामीत पिचलेली वगैरे नव्हती. १७६३ पर्यंत त्यांना इंग्रज असण्याचा अभिमान होता. सात वर्षांचं युद्ध जिंकून इंग्लंडनं फ्रान्सकडून कॅनडा घेतला, तेव्हा बोस्टन आणि फिलाडेल्फियात लोकांनी आनंद साजरा केला. प्रत्येक वसाहतीला आपली सनद किंवा रूढी होती, आपली निवडून दिलेली सभा होती, आणि कर ती सभा बसवत असे. गव्हर्नर बहुतेक ठिकाणी राजानं नेमलेला, पण त्याचा पगार मंजूर करायची सभाच. सभेशी फार वाकडं घेतलं तर पगार अडकायचा. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, चहाच्या पेटीत तोच दडला आहे. लंडनचे व्यापारविषयक कायदे कागदावर कडक होते, पण अंमल ढिला. १७३३ पासून परदेशी मळीवर गॅलनमागे सहा पेनी जकात होती, आणि न्यू इंग्लंड या ईशान्येकडच्या भागात मळीपासून रम गाळणारे कारखानदार ती देत नव्हते. जकातदाराचा हात ओला केला की काम होत होतं. असं तीस वर्षं चाललं.

मग युद्धाचं बिल आलं. इंग्लंडचं सरकारी कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं, ते १३ कोटींपर्यंत गेलं. त्यातच अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायम ठेवायचं ठरलं. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचं म्हणणं मला आजही अगदी अन्यायाचं वाटत नाही. इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी पटीनं जास्त कर भरत होता, आणि सैन्य तर वसाहतींच्या सरहद्दीवर राहणार होतं. थोडा भार त्यांनी उचलावा, एवढीच अपेक्षा. साम्राज्य चालवणाऱ्यांची बाजूही विद्यार्थ्यांनी समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं दुष्ट राजाची गोष्ट होऊन बसतं.

१७६४ मध्ये ग्रेनव्हिलनी मळीवरची जकात निम्मी केली, तीन पेनी, पण ती खरोखर वसूल करायचं ठरवलं. लोकांना हेच टोचलं. चोरटा माल पकडला तर खटला कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या आरमारी न्यायालयात, तिथे पंच म्हणजे ज्युरी नाहीत, न्यायाधीश एकटा. त्याच काळात ॲपलाचियन डोंगरापलीकडे वस्ती करायची नाही असं राजाचं फर्मान निघालं होतं, कारण मूळ रहिवाशांशी रोजची लढाई लंडनला परवडत नव्हती. जमिनीच्या सट्ट्यात पैसे गुंतवलेले व्हर्जिनियाचे मोठे जमीनदार त्यामुळे नाराज. जॉर्ज वॉशिंग्टन त्यांच्यातलेच एक. म्हणजे नाराजी होती, पण ती विखुरलेली. बोस्टनच्या व्यापाऱ्याचं दुखणं वेगळं, व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्याचं वेगळं.

ती एकत्र आणली १७६५ च्या मुद्रांक कायद्यानं. स्टॅम्प पेपर म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. खरेदीखत, कोर्टाचा कागद, दारूचा परवाना, वर्तमानपत्र, पंचांग, इतकंच काय, पत्त्यांचा जोड, सगळ्यावर लंडनचा शिक्का हवा. एक कर एकाच वेळी वकील, छापखानेवाला, गुत्तेवाला आणि जहाजमालक यांच्या खिशाला भिडला. यातला वकील आणि छापखानेवाला हे दोघे गावातले सर्वांत बोलके लोक. ग्रेनव्हिलनी जाणूनबुजून विरोधक निवडायचे ठरवले असते तरी याहून चांगले सापडले नसते.

इथे पहिल्यांदा भांडण आकड्यावरून तत्त्वावर गेलं. वसाहतवाले म्हणाले, आमचा एकही प्रतिनिधी ज्या पार्लमेंटमध्ये नाही, ती आमच्या खिशात हात घालू शकत नाही, हा आमचा इंग्रज म्हणून हक्क आहे. लंडनचं उत्तर असं: मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही खासदार नाहीत, तरी पार्लमेंट त्यांचं प्रतिनिधित्व करतेच, तसंच तुमचंही. उत्तर चलाख होतं, पण ते पटण्यासारखं नव्हतं. मँचेस्टरवर कर बसला की लंडनवरही बसतो. अमेरिकेवर कर बसला की लंडनचा कमी होतो.

१४ ऑगस्ट १७६५ ला बोस्टनमध्ये स्टॅम्प विक्रीसाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला. संध्याकाळपर्यंत त्याची कचेरी पाडली गेली, आणि त्यानं पद सोडलं. बारा दिवसांनी जमावानं लेफ्टनंट गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचं घर अक्षरशः पोखरून काढलं. हचिन्सन इतिहासकारही होते. त्यांच्या वसाहतीच्या इतिहासाचं हस्तलिखित रस्त्यावरच्या चिखलात पडलं, ते कुणीतरी वेचून आणलं. हे सांगताना दरवेळी माझा जीव कासावीस होतो. या चळवळीचा तोही चेहरा होता. राजनिष्ठांना अंगावर डांबर फासून पिसं चिकटवत, त्यांची घरं फोडत. स्वातंत्र्याच्या गोष्टीतून हे गाळायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. त्यांनी बंडाची भाषा केली नाही, राजाला आणि पार्लमेंटला अर्ज लिहिले. व्यापाऱ्यांनी इंग्लिश माल मागवणं थांबवलं. त्याचा परिणाम लवकर दिसला, कारण आता लंडन आणि ब्रिस्टलचे व्यापारीच पार्लमेंटच्या दारात कायदा मागे घ्या म्हणून उभे राहिले. मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. पण त्याच दिवशी पार्लमेंटनं दुसरा कायदा केला: वसाहतींसाठी "कोणत्याही बाबतीत" कायदे करण्याचा आपल्याला अधिकार आहे. एका हातानं पैसे सोडले, दुसऱ्यानं हक्क घट्ट धरला. अमेरिकेत मात्र घंटा वाजल्या, दिवे लागले, आणि न्यूयॉर्कच्या सभेनं कृतज्ञता म्हणून तिसऱ्या जॉर्ज राजाचा घोड्यावरचा पुतळा करून घ्यायचं ठरवलं. पुतळ्याकडे पुन्हा येऊ.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाच्या गाभ्याशी आलो. १७६७ मध्ये चार्ल्स टाउनशेंड या अर्थमंत्र्यांनी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. मी वर्गात या कायद्याची प्रस्तावना मोठ्यानं वाचून दाखवतो, कारण दर किती हे पाहून काहीच कळत नाही, प्रस्तावना वाचली की कळतं. हा पैसा वसाहतींमधली न्यायव्यवस्था आणि मुलकी कारभार यांच्या खर्चासाठी वापरायचा, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार आता जकातीतून. सभेच्या हातात असलेली एकमेव दोरी कापली गेली. ज्याचा पगार आपण देतो तो आपलं ऐकतो, हे गावच्या पाटलापासून सगळ्यांना कळतं. कर तीन पेनी असो की अर्धी, त्यातून न्यायाधीशाचा पगार होणार असेल तर तो न्यायाधीश आपला राहत नाही.

पुन्हा बहिष्कार सुरू झाला, आणि या वेळी तो घराघरांत शिरला. इंग्लिश कापड नको म्हणून बायका चरख्यावर बसल्या. गावोगाव सूतकताईच्या बैठका भरायच्या, त्यांच्या बातम्या छापून यायच्या. १७६८ मध्ये हार्वर्डचे पदवीधर घरी विणलेल्या कापडाचे कपडे घालून समारंभाला आले. स्वदेशीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हे लगेच समजतं. लंडननं उत्तर म्हणून ऑक्टोबर १७६८ मध्ये बोस्टनला लष्कर उतरवलं. सुमारे १६,००० वस्तीच्या गावात पलटणी, आणि कमी पगाराचे सैनिक फावल्या वेळात मजुरी करून स्थानिक मजुरांचं काम हिसकावतात. ५ मार्च १७७० च्या रात्री त्याचा भडका उडाला. गोळीबारात पाच माणसं गेली. त्यातला क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी आणि मूळ रहिवासी वंशाचा खलाशी होता. सैनिकांचं वकीलपत्र जॉन ॲडम्स यांनी घेतलं, आणि बहुतेक सैनिक सुटले. या खटल्याबद्दल मला ॲडम्स यांच्याविषयी फार आदर वाटतो. लंडनमध्ये त्याच दिवशी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ बाकीच्या जकाती रद्द करण्याचा प्रस्ताव मांडत होते. एकट्या चहावरची जकात ठेवली, पार्लमेंटचा हक्क जिवंत राहावा म्हणून.

पुढची दोनतीन वर्षं शांत गेली. इतिहास इथेच थांबला असता तर आज आपण याबद्दल बोललोही नसतो. पण १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत होतं तिच्या, वरिष्ठ न्यायाधीशांचे पगार राजाच्या तिजोरीतून देण्याचं ठरलं, आणि सॅम्युअल ॲडम्स यांनी बोस्टनच्या नगरसभेकडून २१ जणांची पत्रव्यवहार समिती नेमून घेतली. काम एवढंच: आपली गाऱ्हाणी लिहून काढायची, इतर गावांना पाठवायची, त्यांचं मत मागवायचं. शंभराहून अधिक गावांनी उत्तरं दिली. उत्तर लिहिण्यासाठी त्या गावांनीही समित्या नेमल्या. मला विचाराल तर सगळ्या घडामोडींत हा क्षण सर्वांत मोठा. त्यात ना गोळी आहे ना मशाल, म्हणून चित्रांत तो कधी येत नाही. आपल्याला टोचतं तेच पलीकडच्या गावालाही टोचतं, हे शेतकऱ्यांना पहिल्यांदा एकमेकांच्या हस्ताक्षरात वाचायला मिळालं.

आणि मग चहा. अनेकांना वाटतं तो चहा हिंदुस्थानातला होता. तो चीनचा होता. आपला संबंध दुसरीकडून येतो, ईस्ट इंडिया कंपनीकडून. बंगालमध्ये १७६९-७० च्या दुष्काळात माणसं लाखांनी मेली. तिकडची वसुली, लष्करी खर्च आणि भागधारकांचा लाभांश यांच्या ओढाताणीत कंपनी १७७२ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या गोदामांत जवळजवळ पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चहा पडून होता. सरकारनं कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि थेट अमेरिकेत चहा विकायची मुभा दिली. इंग्लंडमधली जकात परत, मधले दलाल बाद, म्हणून चहा डच तस्करीच्या मालापेक्षाही स्वस्त. तीन पेनींची टाउनशेंड जकात मात्र कायम. स्वस्त चहा प्यायला की पार्लमेंटचा हक्क आपोआप मान्य झाला, आणि न्यायाधीशांच्या पगाराची सोयही झाली. शिवाय विक्रीचा मक्ता ठरावीक व्यापाऱ्यांना. बोस्टनमध्ये त्यांत हचिन्सन यांची दोन मुलं होती, आणि हचिन्सन एव्हाना गव्हर्नर झाले होते. पेन्सिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी टोपणनावानं लिहिलेल्या पत्रात बंगालच्या दुष्काळाचा उल्लेख करून बजावलं की आशियाला लुटणारी ही कंपनी आता इकडे वळली आहे. बंगालच्या शेतकऱ्याचं मरण फिलाडेल्फियातल्या पत्रकात आलं, हे वाचताना दोन इतिहास आपण वेगळ्या पुस्तकांत का कोंबतो असा प्रश्न मला पडतो.

फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून चहाची जहाजं परत गेली, चार्ल्स्टनला माल गोदामात गेला. बोस्टनला हचिन्सन अडून बसले. डार्टमथ हे जहाज २८ नोव्हेंबरला आलं होतं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकात खातं माल जप्त करणार, आणि माल एकदा किनाऱ्यावर आला की विकला जाणारच. जहाजमालक शेवटपर्यंत परतीचा परवाना मागत राहिला, गव्हर्नरांनी तो दिला नाही. मुदतीच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबर १७७३ ला, तीन जहाजांवरच्या ३४० पेट्या फोडून सुमारे ९२,००० पौंड चहा बंदरात ओतला गेला. ओहोटी असल्यानं चहाचे ढीग पाण्यावर आले आणि पोरांना ते ढकलावे लागले. म्हणजे माणसं दराला संतापली होती असं नाही. मुदत संपत होती, आणि दुसरा मार्ग उरला नव्हता.

लंडनच्या रागाला कारण होतं, पण १७७४ चे दंडाचे कायदे करताना त्यानं घात केला. चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टन बंदर बंद. मॅसॅच्युसेट्सची १६९१ ची सनद मोडून वरिष्ठ मंडळ राजानियुक्त. गावसभा वर्षातून एकदाच, त्याहून जास्त भरवायची तर गव्हर्नरची परवानगी. खटल्यातले पंचही गव्हर्नरच्या माणसानं निवडलेले. चहाशी काडीचाही संबंध नसलेल्या आतल्या भागातल्या शेतकऱ्याला हे थेट लागलं. कर्जाच्या खटल्यात त्याची जमीन जप्त करायची की नाही, हे आता परके पंच आणि परका न्यायाधीश ठरवणार होते.

६ सप्टेंबर १७७४. वूस्टर हे चहाच्या बंदरापासून ४० मैलांवरचं गाव. जिल्हा न्यायालय भरायचा दिवस. ३७ गावांतून ४,६२२ माणसं आली, आपापल्या गावाच्या तुकड्या करून. हा आकडा माहीत आहे, कारण त्यांनी स्वतःच मोजणी केली. न्यायालयाचं दार त्यांनी आतून बंद केलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा लावल्या, आणि न्यायाधीशांना, वकिलांना टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालायला लावलं. नव्या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही, हे वाक्य त्यांना पुन्हापुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईपर्यंत म्हणावं लागलं. एकही गोळी झाडली गेली नाही. अशीच जिल्ह्याजिल्ह्यांतली न्यायालयं बंद पडली, आणि बोस्टन सोडून मॅसॅच्युसेट्समधलं राजाचं राज्य त्या महिन्याअखेर संपलं होतं. युद्धाच्या सात महिने आधी. परीक्षेत क्रांती कधी सुरू झाली असा प्रश्न आला की मुलं १७७५ लिहितात. मी त्यांचे गुण कापत नाही, पण वूस्टरबद्दल बोलल्याशिवाय सोडतही नाही.

मग रिकामी जागा भरायची होती. ऑक्टोबरमध्ये प्रांतिक काँग्रेस, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या गावांच्या प्रतिनिधींची सभा, जमली आणि तिनं गावांना सांगितलं, कर राजाच्या खजिनदाराकडे न भरता आम्ही नेमलेल्या हेन्री गार्डनर यांच्याकडे भरा. वसुली ज्याच्या हाती, सरकार त्याचं. त्याच सुमारास फिलाडेल्फियात १२ वसाहतींच्या काँग्रेसनं सगळीकडे बहिष्काराचा करार केला आणि प्रत्येक गावात, जिल्ह्यात तो पाळला जातो का हे पाहायला निवडलेल्या समित्या नेमायला सांगितल्या. कोण चोरून चहा पितो हे पाहणारी समिती हळूहळू भाव ठरवू लागली, बंदुकीची दारू साठवू लागली, स्थानिक सैन्याचे अधिकारी निवडू लागली. बहिष्कारासाठी उभं केलेलं मांडव राज्यकारभाराचं घर झालं. १९ एप्रिल १७७५ ला बोस्टनमधल्या ब्रिटिश फौजेचे प्रमुख जनरल गेज यांनी कॉन्कर्डला सैनिक पाठवले ते याच प्रांतिक काँग्रेसचा दारूगोळा जप्त करायला. वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानावर आठ माणसं मेली.

एवढं होऊनही राजाशी नातं तुटलं नव्हतं, हे विसरू नका. वसाहतवाल्यांचा सारा राग पार्लमेंट आणि मंत्र्यांवर होता. राजा चांगला, भोवतालचे वाईट, ही समजूत आपल्याकडच्या रयतेलाही अनोळखी नाही. बोस्टनजवळ बंकर हिलच्या लढाईत हजाराहून अधिक ब्रिटिश सैनिक मृत वा जखमी झाल्यावरही, जुलै १७७५ मध्ये काँग्रेसनं राजाला शेवटचा नम्र अर्ज पाठवला. राजानं तो स्वीकारला नाही, ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर जाहीर केल्या, आणि पुढे जर्मन भाडोत्री सैन्य आणण्याचे करार झाले. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन यांची पुस्तिका आली ती या जखमेवर. राजेपणाच मुळात चूक आहे, हे साध्या भाषेत सांगणारी ती पहिली हाक होती असं नाही, पण ऐकायला तयार असलेले कान तिला मिळाले. जुलैमधल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात २७ तक्रारी आहेत, आणि त्या सगळ्या राजाविरुद्ध आहेत. पार्लमेंटचं नावसुद्धा नाही. अकरा वर्षं ज्याच्याकडे दाद मागितली, आरोपी शेवटी तोच.

एक उणीव सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. वसाहतींमधला जवळजवळ दर पाचवा माणूस गुलाम होता. १७७३ आणि १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांनीही सभेकडे अर्ज केले, त्याच हक्कांच्या भाषेत. त्यांना दाद मिळाली नाही. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर डनमोर यांनी बंडखोरांच्या गुलामांना सैन्यात आले तर स्वातंत्र्य देऊ केलं, तेव्हा दक्षिणेतले कुंपणावरचे अनेक मालक घाबरून बंडाकडे सरकले. त्यांच्या गाऱ्हाण्यांच्या यादीत हेही एक गाऱ्हाणं होतं.

आता तो पुतळा. मुद्रांक कायदा रद्द केल्याबद्दल आभार म्हणून करून घेतलेला, सोन्याचा मुलामा दिलेला, शिशाचा तिसरा जॉर्ज १७७० मध्ये न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीनवर उभा राहिला होता. ९ जुलै १७७६ च्या संध्याकाळी वॉशिंग्टन यांच्या सैन्याला जाहीरनामा वाचून दाखवला गेला. त्याच रात्री सैनिकांनी आणि शहरवासीयांनी दोर लावून पुतळा खाली खेचला. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डला गेले. तिथल्या बायकामुलांनी शिसं वितळवून ४२,०८८ गोळ्या ओतल्या, आणि कोणी किती ओतल्या त्याचा हिशेबही लिहून ठेवला.